मोरनीच्या तोंडाचं माप

भिजवलेले हरभरे मोरनीनं पाटीत तसेच ठेवलेत, हे आबिदानं सकाळी सात वाजता पाहिलं आणि सव्वासातला नाशकातल्या वडाळ्याच्या एका पत्र्याच्या तबेल्यात भांडण सुरू झालं. मधली पंधरा मिनिटं तिला घोडीचं तोंड उघडायला लागली.

मोरनी म्हणजे शफीची पांढरी नुकरा घोडी. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, नऊ वर्षांची, स्वभावानं गरीब. नाशकातल्या शेकडो नवरदेवांनी तिच्या पाठीवरून मारुतीचं दर्शन घेतलेलं होतं. ते नवरदेव पुढे नवरे म्हणून कसे निघाले, याची जबाबदारी घोडीवर येत नाही.

आबिदा शफीची मुलगी. अंबडच्या एका कारखान्यात ती मालाची तपासणी करायची. दिवसभर हातात माप घ्यायचा व्हर्निअर, आणि शेजारी लाल डबा. माप चुकलं की पार्ट लाल डब्यात, आणि संध्याकाळी डब्यातला प्रत्येक पार्ट करवतीनं कापून टाकायचा. कापायचा अशासाठी, की नुसता बाजूला ठेवलेला वाईट माल आपल्याकडे दोन दिवसांत पुन्हा चांगल्या मालात जाऊन बसतो. हा नियम ती इतका कडक पाळायची, की सुपरवायझर तिला लांबून बघूनच चहाला निघून जायचा.

"अब्बा, जीभ बघा हिची."

"काय झालं जिभेला?"

"बघा म्हणते ना."

शफीनं होता तिथूनच पाहिलं. बासष्ट वर्षांच्या माणसाला वाईट गोष्ट लांबून बरी दिसते. "गवताची काडी लागली असंल."

"सहा काड्या? तीन या बाजूला, तीन त्या बाजूला? रांगेत उभ्या राहून लागल्या?"

"आबिदा, सकाळी सकाळी..."

"आणि ओठांचे कोपरे बघा. कातडं नाही राहिलं ते, चामडं झालंय. हिला हरभरा चावता येत नाही, अब्बा. आणि परवा हिला तुम्ही दोन लग्नं करायला लावलीत."

शफीनं खुंटीवरचा लगाम काढला आणि कुणाची तरी बाजू घ्यावी तसा छातीशी धरला. "हा माझ्या अब्बांचा लगाम आहे."

हे खरं होतं. शफीचे वडील नईम टांगेवाले. नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी, चाळीस वर्षं. टांगे गेले, टांग्याचा घोडा गेला, नईमही गेले. मागे राहिला तो लगाम. शफी दर शुक्रवारी तो पुसायचा, खोबरेल लावायचा. लग्नाच्या धंद्यात उतरल्यावर त्यानं झूल नवी घेतली, खोगीर नवं शिवलं, छत्रीला झालर लावली, कपाळावरचा मोत्यांचा पट्टा तर मोरनीच्या डोक्याचं बोटाबोटानं माप घेऊन मालेगावहून करून आणला. लगाम मात्र बापाचाच. तोंडात काय घातलंय ते फोटोत दिसत नाही.

लगामाच्या तोंडातल्या दांड्यावर सहा काटे होते. ते नईमच्या वेळचे नव्हते. पण शफीच्या भक्तीत तेही आता वडिलांचेच झाले होते.

"काटेरी लगाम कायद्यानं बंद आहे," आबिदा म्हणाली. "आत्ता नाही, तुम्ही चड्डीत फिरत होतात तेव्हापासून."

"मग सगळे वापरतात ते?"

"सगळे जेलमध्ये जातील तेव्हा तुम्हाला जागा मिळणार नाही म्हणून घाई करताय का?"

"अगं, ती नाचते त्याच्यावर! लोक नाचणारी घोडी मागतात. रील बघून फोन येतात."

ती रील सगळ्या नाशिकनं पाहिली होती. डीजेपुढे मोरनी मान झटकतेय, तोंडाला फेस, पुढचे पाय आळीपाळीनं उचलतेय, आणि वर नवरदेव दोन्ही हातांनी खोगीर धरून हसायचा प्रयत्न करतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'घोडीला पण आनंद झाला.'

आबिदानं व्हर्निअर आणला. आधी सुतळी मोरनीच्या तोंडात आडवी धरली, ओठांच्या कोपऱ्यांवर दोन गाठी मारल्या, गाठींमधलं अंतर मोजलं. एकशे वीस मिलिमीटर. मग लगामाचा दांडा मोजला. एकशे आठ.

तिनं पुन्हा मोजलं. रागावलेलं माणूस चुकीचं मोजतं, हे तिला माहीत होतं. पुन्हा एकशे आठच.

"अब्बा, दादांचा, तुमच्या अब्बांचा घोडा केवढा होता?"

"तट्टू होतं. एवढं." शफीनं कमरेच्या थोडा वर हात धरला. मग तो हात तिथेच राहिला. त्यानं मोरनीकडे पाहिलं. मोरनीचा खांदा त्याच्या कपाळाला लागत होता.

"तट्टाचा लगाम हिच्या तोंडात," आबिदा म्हणाली. "सहा वर्षं. रोज हिचे गाल चिमटले जातायत. हा पार्ट रिजेक्ट आहे."

"पार्ट म्हणू नकोस त्याला."

"बरं. दादांचा रिजेक्ट."

दुपारी ती मेन रोडला घोड्यांच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदारानं तीन लगाम काउंटरवर मांडले आणि भाजीवाल्यानं मिरची दाखवावी तसा म्हणाला, "हा साधा कडक. हा कडक. आणि हा एकदम कडक. तुम्हाला किती कडक पाहिजे?"

"घोडीच्या तोंडात मावणारा पाहिजे. एकशे पंचवीसचा, गुळगुळीत."

"माप नसतं ताई याला. लगाम म्हणजे लगाम. तोंड जुळवून घेतं."

"तुमचा बूट किती नंबरचा?"

"आठ."

"सहाचा घाला. पाय जुळवून घेईल."

दुकानदारानं तिन्ही लगाम उचलून ठेवले आणि तिच्या मागच्या गिऱ्हाईकाला हसून या म्हटलं. मागे गिऱ्हाईक नव्हतं.

मग सहादू उरला. सहादू शफीचा शाळेपासूनचा दोस्त. अंबडला तीस वर्षं टर्नर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच एका शेडमध्ये जुनं लेथ टाकून बसला होता. बापलेक लगाम घेऊन गेले तेव्हा तो डबा खात होता. त्यानं हात धुतले, चष्मा लावला, लगाम उजेडात धरला आणि दांडा फिरवून फिरवून पाहू लागला.

"काय बघतोस एवढं?" शफीनं विचारलं.

"वेल्डिंग बघतोय. कुणाचंय?"

"तुझंच की. आधीच्या घोडीच्या वेळी. विसरला? पंधरा वर्षं झाली. तू म्हणालास, दोस्तीत पैसे काय घ्यायचे."

सहादूनं एका काट्यावर अंगठा दाबला. अंगठ्यावर लाल टिपका आला. "तू मला काय सांगितलं होतंस तेव्हा?"

"घोडी ओढ घेते, आवरत नाही, काहीतरी कर."

"आणि मी काही विचारलं नाही?"

"नाही. चहा घेतला आणि करून दिलं."

"सहादूकाका," आबिदा म्हणाली, "आधीच्या घोडीलापण हाच होता. एकशे आठचा." तिनं दांड्यावर बोट ठेवलं. "तोंड चिमटतं म्हणून घोडी ओढते. ओढते म्हणून तुम्ही काटे लावता. काटे लागतात म्हणून ती मान झटकते. आणि मान झटकली की वरात टाळ्या वाजवते. यातल्या एकालाही तोंडाचं माप घ्यावंसं वाटलं नाही. दोघं मिळून किती वर्षांचे तुम्ही?"

दोघंही हिशेब करत असल्यासारखे खाली बघत राहिले.

"ड्रॉइंग दे," सहादू अखेर म्हणाला. "मापं टाकून दे. अंदाजानं आता काही करणार नाही मी."

आबिदानं ड्रॉइंग दिलं. दांडा स्टीलचा, करंगळीएवढा जाड, मधे किंचित वर वळवलेला, म्हणजे जिभेला जागा राहील. सांधा नाही. कडा नाही. लांबी एकशे पंचवीस. सहादूनं दोन दिवस घेतले. पॉलिश झाल्यावर त्यानं दांडा धुतला आणि स्वतःच्या तोंडात आडवा धरून जीभ फिरवून पाहिला. एके ठिकाणी त्याला खरखर लागली. त्यानं पुन्हा पॉलिश केलं, पुन्हा तोंडात धरलं. शेजारच्या शेडमधला वेल्डर हे बघून कामावरून लवकर घरी गेला.

"चव कशी आहे?" शफीनं विचारलं. त्याला विनोद करायचा होता.

"तू ते काटे चाटून बघ, मग सांगतो," सहादू म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दहा दिवस तोंडात काही घालायचं नाही म्हणून सांगितलं. दहा दिवसांत चार वराती दुसऱ्यांच्या घोड्यांवर गेल्या. शफी दर वरातीचा डीजे घरात बसून ऐकायचा आणि आबिदाकडे बघायचा. अकराव्या दिवशी त्यानं अट घातली.

"निफाडला लग्न आहे. एक लग्न तुझ्या लगामावर करतो. तिथं तक्रार आली तर जुना लगाम परत. मग तू मधे बोलायचं नाही."

"जुना बरोबर घेणार तुम्ही?"

"पिशवीत ठेवतो."

"अब्बा, एकदा तो परत तोंडात गेला की पुन्हा कधी निघणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

"मग तक्रार येऊ देऊ नकोस."

आबिदानं कारखान्यात रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरचं लग्न'. नाहीतर घोडीचं तोंड हे कारण सुपरवायझरला पटवायला आणखी एक रजा टाकावी लागली असती.

निफाडच्या त्या वस्तीवर मुहूर्त दुपारचा होता. द्राक्षबागेच्या कडेनं मंडप, मंडपापासून मारुतीच्या पारापर्यंत अर्धा किलोमीटरचा रस्ता, आणि रस्त्यावर डीजेची गाडी अशी उभी, की तिच्या आवाजानं बागेतली पानं हलत होती. शफीनं नवा लगाम चढवला. मोरनीनं नेहमीसारखी मान वर केली, दात आवळले, वाट पाहिली. काही टोचलं नाही. तिनं जिभेनं दांडा इकडून तिकडे हलवून पाहिला, मग एक लांब श्वास सोडला. आबिदानं तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले आणि धुळीला शिव्या घातल्या.

नवरदेव बसला. वरात निघाली. एका बाजूनं शफी, दुसऱ्या बाजूनं आबिदा. मोरनी चालत होती. फक्त चालत होती. डीजे फुटायला आला, पोरं रस्त्यावर लोळून नाचली, कुणीतरी तिच्या नाकासमोर मोबाईल धरला. तिनं मोबाईलचा वास घेतला आणि पुढे चालू लागली.

शंभर पावलांवर नवरदेवाचे मामा पुढे आले. मोतीराममामा. फेटा, गॉगल, आणि सगळं लग्न आपल्याच हुकमानं चाललंय असा चेहरा.

"चाचा, घोडी नाचत का नाय?"

"आज जरा..." शफी म्हणाला.

"आज जरा काय? आज लगीन हाय. उद्या नाचून काय करू मी?" त्यांनी मोबाईलवर रील दाखवली. "हीच ना ही? का हिची थोरली बहीण आणली? आम्ही नाचनारी घोडी ठरवलीय. ही तर शाळेत निघाल्यासारखी चाललीय."

"ही नाचत नव्हती मामा," आबिदा म्हणाली. "हिच्या तोंडात काटे होते. दुखत होतं म्हणून मान झटकायची."

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते शफीलाच म्हणाले, "चाचा, पोरीला सांगा, दुखतं तर सगळ्यांनाच. मला बी सकाळपून हे जोडे चावत्यात. मी नाचतोय ना?"

"तुमचे जोडे तुम्हाला काढता येतात," आबिदा म्हणाली.

"मामा, राहू द्या ना," वरून नवरदेव म्हणाला. त्याला आधीपासूनच खाली उतरायचं होतं.

"तू गप. तुझ्या लग्नात तुझं काय काम?" मामा शफीकडे वळले. "चाचा, एक तर घोडी नाचवा, नायतर मी आत्ता बँडवाल्याला सांगून दुसरी मागवतो. आन् मंग निफाड तालुक्यात तुम्हाला कोनी बोलवनार नाय. लय लांबपर्यंत सांगंन मी."

शफीनं आबिदाकडे पाहिलं. तक्रार आली होती. आबिदानं मोरनीच्या गालफडावर हात ठेवला आणि ती बापाच्या डोळ्यांत बघत राहिली.

शफीनं पिशवीत हात घातला आणि जुना लगाम बाहेर काढला.

त्याची साखळी वाजली. छोटासाच आवाज, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. इतक्या डीजेत तो माणसाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मोरनीनं ऐकला. तिचे कान मागे गेले. मान एकदम वर फेकली गेली, तोंड उघडलं, पुढचे पाय आळीपाळीनं उचलले जाऊ लागले. जागच्या जागी. दातांवर फेस आला. तोंडात एकही काटा नव्हता.

"नाचली! नाचली!" पोरांनी शिट्या मारल्या. शंभर मोबाईल वर गेले.

शफीचा हात थांबला. साखळी थांबली. मोरनी थरथरत उभी राहिली. पांढऱ्या अंगावर घामाचे पट्टे उतरले.

"चाचा, वाजवत राहा!" मामा आनंदानं ओरडले. "घालू बी नका तोंडात! नुस्तं वाजवत राहा! काय शिकवलीय राव घोडी!"

शफीनं आयुष्यात गिऱ्हाईकाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. नवरदेव पाठीवर ओकले तरी तो झूल धुऊन मुबारक हो म्हणायचा. तो दोन पावलं पुढे गेला आणि लगाम मामांच्या हातात ठेवला.

"तुम्ही वाजवा," तो म्हणाला. "तुमच्या हातात शोभतो. नवरदेव, उतरा बेटा."

"आं?"

"उतरा. हात दे त्याला, आबिदा."

नवरदेव इतक्या पटकन उतरला, की आबिदाला हात द्यावाच लागला नाही. शफीनं मोरनीचं तोंड वळवलं.

"ओ चाचा! लग्नाची वरात हाय ही! असं मधूनच..."

शफी मागे फिरला. त्याचा आवाज लहान होता, पण डीजेवाल्यानं नेमका तेव्हाच गाणं बदलायला आवाज बंद केला होता, त्यामुळे सगळ्या वरातीनं ऐकलं. "चौदा-पंधरा वर्षं मी ह्याला नाच म्हणत होतो मामा. तुम्ही तर आजच आलात. तुमच्यावर काय रागवू? पण माझ्यासमोर पुन्हा वाजवलात ना, तर तुमचा फेटा सोडवून त्याच्यानंच तुम्हाला त्या पाराला बांधीन."

हे बोलून तो निघाला. वरात मारुतीकडे पायी गेली. नवरदेवाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा तेज आलं, असं त्याची आई नंतर सांगायची.

पिकअप गाडीत मोरनीला चढवून ते निफाडच्या बाहेर आले. रस्त्याकडेला झाडाखाली गाडी थांबवून आबिदानं पाटीत हरभरे घातले. मोरनी खाऊ लागली. शफी तिच्या चावण्याचा आवाज ऐकत उभा राहिला.

"आधीची घोडीपण," तो म्हणाला, "शेवटी शेवटी फार नाचायची."

आबिदा तीन दिवस पुरेल एवढं भांडण तयार करून आली होती. तिनं ते गिळलं. पण त्याला बरं वाटावं म्हणून 'नाही, नाही' असंही तिनं म्हटलं नाही. "हो," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लगाम कुठाय?"

"दिला की मामांना."

"अब्बा! रिजेक्ट माल तुम्ही बाहेर सोडून आलात?"

"आता तो त्यांच्या..."

"ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या घोडीच्या मालकाला देतील. आज ते काय शिकलेत बघितलं ना? वळवा गाडी."

गाडी वळली. वरात पाराजवळ पोचली होती. मोतीराममामा पुढे नाचत होते आणि नाचताना हातातला लगाम खुळखुळ्यासारखा वाजवत होते. आबिदा गर्दीतून सरळ गेली, नाचणाऱ्या माणसाच्या हातून लगाम काढून घेतला आणि माघारी फिरली. मामांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की आपण रिकामाच हात हलवतोय.

तिथून ते थेट अंबडला गेले. सहादूनं लगाम पाहिला, दोघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता तो शिकंज्यात आवळला. त्याची विचारायची सवय पंधरा वर्षं उशिरा लागली होती, पण आता विचारण्यासारखं काही नव्हतं.

"बाजूच्या कड्या राहू दे," शफी म्हणाला. "त्या अब्बांच्या आहेत. त्यांच्या तट्टाला हा बरोबर बसायचा."

"कड्या ठेव," आबिदा म्हणाली. "मधला दांडा काप. एक-एक काटा वेगळा झाला पाहिजे, काका. नुसते दोन तुकडे नाही."

सहादूनं करवत घेतली. पहिला काटा निघायला बराच वेळ लागला. दुसऱ्याला त्याहून जास्त. तिसऱ्यावर पातं बोथट झालं, त्याच्या कपाळावरून घाम ओघळला आणि तो एकदम करवत आपटून ओरडला, "वेल्डिंगचा एक टाका सुटला नाही भडव्याचा! पंधरा वर्षं!"

"चांगलं काम केलं होतंस," शफी हळूच म्हणाला.

"तेच तर!" सहादू म्हणाला, आणि पातं न बदलता चौथ्या काट्याला लागला.